दोन सुपाऱ्यांची वाट

कोकणात श्रीवर्धनच्या बाजूला एक वाडीवाला राहत होता. गाव त्याला तात्या म्हणे. वाडी आजोबांनी लावलेली, वडिलांनी शिंपलेली. ओळीनं उभ्या पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरवेल, कडेला माड, मधून वाहणारा पाट. श्रीवर्धनची सुपारी म्हणजे रोठा. कापली की आत पांढरीशुभ्र, दाताखाली मऊ. मुंबईचे व्यापारी ती नावानं मागत.

तात्यांना सुपारीतलं सगळं कळायचं. कानाशी धरून हलवली की आत कीड आहे, पोकळ आहे की भरीव आहे, ते सांगायचे. गावात कुठे कार्य निघालं की सुपारी निवडायला बोलावणं तात्यांनाच. ते ओटीवर बसत, कमरेची चंची सोडत, पितळी अडकित्ता काढत आणि एक सुपारी कातरून दाखवत. कात्रण इतकं पातळ पडे की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसावं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारच्या काही तासांत तीन पिढ्यांची वाडी आडवी झाली. पोफळी कमरेत मोडून एकमेकींवर पडल्या. साऱ्या गावाची तीच गत. तात्यांनी महिनाभर लाकूड उपसलं आणि मग पुन्हा रोपं लावली. रोपांना सावली हवी म्हणून केळी लावल्या. पण पोफळ काही घाईनं वाढत नाही. फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. पूर्वी दिवस पुरत नसे, आता दिवस उरू लागला.

तात्यांची मुलगी शिलाँगला नोकरीला होती. ती फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही दोघं या. इथंही पोफळी आहेत. इथली माणसं सकाळी उठल्यापासून सुपारी खातात."

शेवटी एका मार्गशीर्षात तात्या आणि काकू निघाले. दोघंही माळकरी. परमुलखात काय मिळेल न मिळेल, म्हणून काकूंनी दशम्या घेतल्या, मेतकूट घेतलं, शेंगदाण्याची चटणी घेतली. तात्यांनी चंची भरून सुपारी घेतली आणि अडकित्त्याला तेल लावलं.

गुवाहाटीपर्यंत आगगाडी, तिथून डोंगर चढत शंभर किलोमीटर मोटार. शिलाँगला पोचले तेव्हा हाडं गारठली होती. दुसऱ्या दिवशी मुलीनं त्यांना तिथला मोठा बाजार दाखवला. दुकानागणिक बाई बसलेली. पैसे बाईच मोजे, भाव बाईच सांगे, पुरुष ओझी वाहत होते. एका गल्लीत डुकराचं मांस टांगलेलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि खाली बघत ती गल्ली ओलांडली. पुढे सुपारीची गल्ली लागली. तात्यांची पावलं आपोआप भरभर पडू लागली आणि मग एकदम थांबली. पाट्यांमध्ये ओल्या, सालासकट भिजवलेल्या सुपाऱ्या होत्या. साल काळं पडलेलं, वास उग्र.

"ही सडलेली आहे," तात्या म्हणाले.

"हीच खातात इथे, बाबा."

"ज्यांना चांगली मिळत नाही ते खात असतील," तात्या म्हणाले आणि पुढे झाले.

मुलीच्या कचेरीत एक खासी मुलगी होती. तिची आजी दक्षिणेकडच्या उतारावर, बांगलादेशाकडे तोंड असलेल्या एका गावात राहत होती. आजीची पोफळीची बाग होती. मैत्रीण म्हणाली, "काका, तुम्ही बागवाले. आमची बाग बघायला चला. आजीला बरं वाटेल."

सकाळी चौघं निघाली. सुमो डोंगराच्या कडेला थांबली आणि तिथून पायऱ्या सुरू झाल्या. दगडी, अरुंद, खाली दरीत उतरत गेलेल्या. तळ दिसत नव्हता.

"किती लांब आहे?" काकूंनी विचारलं.

"दोन सुपाऱ्या," मैत्रीण म्हणाली.

काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मैत्रिणीनं समजावलं. इथली म्हातारी माणसं वाट अशीच मोजत. तोंडात सुपारी टाकायची आणि चालू लागायचं. ती संपली की दुसरी टाकायची. घर येईपर्यंत जितक्या खाल्ल्या, तितकी वाट.

पायऱ्या उतरताना गडी खालून वर येत होते. पाठीवर वेताच्या निमुळत्या टोपल्या, टोपलीचा पट्टा कपाळावर, टोपलीत सुपारी. प्रत्येक जण हसून काहीतरी बोलायचा आणि पुढे जायचा. जसजसं खाली यावं तसतशी थंडी सरली आणि पोफळी दिसू लागल्या. तात्या मान वर करून बघू लागले. इथल्या पोफळी ओळीत नव्हत्या. फणसाच्या, रानझाडांच्या गर्दीत वाट काढत त्या उजेडाकडे गेल्या होत्या. नागवेलीला मांडव नव्हता. ती सरळ झाडांवर चढली होती.

"यांना शिंपण कोण करतं?"

"पाऊस," मैत्रीण म्हणाली. वर सोहरा आहे, चेरापुंजी म्हणतात ते. तिथे वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सगळं पाणी याच उतारांवरून खाली जातं.

तळाशी ओढा होता. ओढ्यावर पूल होता, पण तो कोणी बांधलेला नव्हता. दोन्ही काठांवरच्या रबराच्या वडांची मुळं एकमेकांत गुंतून जिवंत पूल झाला होता. मैत्रीण म्हणाली, "आजीच्या आईच्या मामांनी हा सुरू केला. मूळ कोवळं असतं तेव्हा त्याला ओढ्यापलीकडे वाट दाखवावी लागते. पोफळीचं खोड पोखरायचं, ते काठापासून काठापर्यंत आडवं टाकायचं आणि मूळ त्यात सोडायचं. मूळ पलीकडे जाऊन मातीत घुसतं. खोड कुजून जातं, मूळ राहतं. पूल चालण्याजोगा व्हायला एक पिढी जाते."

तात्या पुलावर मधोमध थांबले. त्यांनी वाकून मुळांवरून हात फिरवला. पोखरलेलं पोफळीचं खोड त्यांच्याही वाडीत होतं. विहिरीचं पाणी वाफ्यात न्यायला त्यांच्या आजोबांनी अशीच पन्हळ केली होती. पोफळीच्या पन्हळीतून पाणी नेता येतं हे त्यांना ठाऊक होतं. तिच्यातून झाड नेता येतं, हे त्यांनी आज पाहिलं. पलीकडे गेल्यावर त्यांनी वळून पुन्हा एकदा पुलाकडे पाहिलं.

आजीचं घर लहान होतं. चुलीच्या धुरानं आतून काळं, पण झाडून लख्ख. आजी चुलीजवळ बसली होती. अंगावर चौकडीचं कापड, खांद्यावर गाठ मारलेलं. दाराजवळ मैत्रिणीचा मामा बसला होता, पन्नाशीचा, दणकट. तात्यांनी घरधन्यासाठी नारळ आणि उपरणं आणलं होतं. ते त्यांनी मामाच्या हातात दिलं. मामानं ते आदरानं घेतलं, उठला आणि आजीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मग परत दाराशी येऊन बसला.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, इथे घर आईचं असतं. पुढे ते धाकट्या मुलीकडे जातं. मुलांना कूळही आईचंच लागतं."

आजीनं नारळ कपाळाला लावून बाजूला ठेवला. मग तिनं एक ताटली ओढली. ओली सुपारी घेतली, सुरीनं साल काढलं, सुपारीचे चार तुकडे केले. पान घेतलं, मधोमध फाडलं. डबीतला चुना बोटाच्या टोकावर घेऊन पानाला लावला, पान दुमडलं. तुकडा त्यावर ठेवला आणि हात तात्यांपुढे केला. पाणी विचारलं नव्हतं, प्रवास कसा झाला विचारलं नव्हतं. आधी सुपारी.

तात्यांनी तुकडा पाहिला. वास आला. त्यांनी मान मागे घेतली.

"ही ओली आहे," ते हिंदीत म्हणाले. "अशी खायची नसते. सडलेली आहे ही. थांबा, मी तुम्हाला खरी सुपारी दाखवतो."

त्यांनी चंची सोडली, अडकित्ता काढला. रोठा सुपारी घेतली, कानाशी धरून हलवली आणि भराभर कात्रण पाडलं. सुपारी सालासकट उन्हात कशी वाळवायची, किती दिवस वाळवायची, मग सोलायची कशी, फोडायची कशी, सगळं सांगितलं. मैत्रीण त्यातलं थोडं आजीला सांगत होती, थोडं सांगत नव्हती. मामा खाली बघत होता.

आजीचा हात अजून पुढेच होता. पान दोन बोटांत धरलेलं. ते आता कुठे ठेवावं हे तिला कळत नसल्यासारखं झालं. ताटलीत परत ठेवता येत नव्हतं, स्वतः खाता येत नव्हतं. जरा वेळानं तिनं ते खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं. काकूंनी ते पाहिलं.

मग चहा आला. बिनदुधाचा, लालसर. सोबत तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पांढरं खाद्य होतं. काकूंनी दोन्ही घेतलं आणि छान आहे अशी मान हलवली. जेवणाची वेळ झाली तेव्हा आजीनं भातावरचं झाकण काढलं. भात डुकराच्या मांसासोबत शिजवलेला होता. पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेला.

मुलगी गडबडली. ती मैत्रिणीला म्हणाली, "माझी चूक झाली, आधी सांगायला हवं होतं. आईबाबा मांस खात नाहीत."

आजीनं विचारलं, "का?"

मुलीनं आईच्या गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. ही घातली की मांस खायचं नसतं, असं सांगितलं. आजी पुढे सरकली. तिनं काकूंच्या गळ्यातली माळ हातात घेतली, मणी बघितले. मग ती बराच वेळ बोलली आणि मैत्रिणीनं सांगितलं, "आजी म्हणते, आमच्यातही कुळाकुळाला काही अन्न वर्ज्य असतं. कुणाला अमुक मासा चालत नाही, कुणाला अमुक फळ. आईच्या घरून आलेला नेम मोडायचा नसतो. नेम असलेला पाहुणा चांगला."

आजी उठली. तिनं ते भांडं आत नेलं. दुसरं भांडं घासलं, तेही काकूंच्या समोर, त्यांना दिसावं असं. मग हळद घालून नवा भात लावला. बटाटे उकडले, काळे तीळ भाजून वाटले, आलं ठेचून घातलं. उपाशी मंडळी चुलीभोवती बसून राहिली. कुणाची कुरकुर नव्हती. तो पिवळा भात आणि काळ्या तिळाची भाजी तात्या पोटभर जेवले. "आपल्या दशम्यांची गरजच पडली नाही," असंही म्हणाले.

पाहुण्यांना रात्री तिथेच राहायचं होतं. संध्याकाळी तात्या अंगणात फिरत होते. काकू त्यांच्याजवळ आल्या.

"तुम्ही तिच्या घरचं मांस नाकारलंत," त्या म्हणाल्या, "ते तिला लागलं नाही."

"लागायचं कशाला? आपला नेम आहे."

"पण ते पान अजून खिडकीत आहे."

तात्या म्हणाले, "मी खोटं काय बोललो? ओलीच होती ती."

"खरंच बोललात," काकू म्हणाल्या. "पण तिनं भाव विचारला नव्हता."

तात्या काही बोलले नाहीत. पोफळींच्या मागे खाली दूरवर बांगलादेशातलं सपाट पाणी चमकत होतं. ते दिसेनासं होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

रात्री सगळे चुलीभोवती बसले. मुलीनं सहज मामाला विचारलं, "तुमच्यात पाहुणा आला की आधी सुपारी का देतात?"

मामा सांगू लागला. तो चुकला की आजी मध्येच त्याला अडवून दुरुस्त करत होती.

फार जुनी गोष्ट. दोन मित्र होते. एक श्रीमंत, एक गरीब. गरीब मित्र लग्न करून बायकोच्या गावी राहायला गेला. तो अधूनमधून श्रीमंत मित्राकडे यायचा. आला की मेजवानी व्हायची, आठ-आठ दिवस मुक्काम पडायचा. एकदा श्रीमंताची बायको म्हणाली, "तो इतक्यांदा येतो, तुम्ही एकदाही त्याच्याकडे गेला नाहीत. त्याला काय वाटत असेल?" ते मित्राला पटलं. तो निघाला.

गरीब मित्राला आनंद झाला. त्यानं मित्राला बसवलं आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, "माझा मित्र आलाय, काहीतरी कर." घरात दाणा नव्हता. बायको शेजारी गेली. एका दारी नाही, दुसऱ्या दारी नाही. साऱ्या गावात तिला मूठभर तांदूळ मिळाले नाहीत. बाहेर मित्र वाट बघत होता. ज्यानं आपल्याला इतकं खाऊ घातलं त्याच्यापुढे ठेवायला काही नाही, ही लाज नवऱ्याला सोसेना. त्यानं जीव दिला. ते बघून बायकोनं दिला. बराच वेळ झाला म्हणून मित्र आत आला आणि काय झालं ते त्याला कळलं. मी आलो म्हणून हे झालं, असं म्हणून त्यानंही जीव दिला.

"आणि चोर," आजी म्हणाली.

हो, चोर. त्या रात्री एक चोर गावकऱ्यांना चुकवत त्या घरात शिरला. चुलीच्या उबेला त्याचा डोळा लागला. पहाटे जाग आली तो तीन प्रेतं. आता आळ माझ्यावरच येणार, या भीतीनं त्यानंही तेच केलं.

गाव हळहळलं. देवाला लोक म्हणाले, श्रीमंतांच्या घरी पाहुणा आला तर ठीक, पण गरिबाच्या घरी पाहुणा येणं म्हणजे मरण असेल तर मैत्री करायची कशी? मग देवानं त्या चौघांचं रूप पालटलं. मित्राची सुपारी झाली. नवरा-बायकोचं पान आणि चुना झालं, म्हणून ती दोघं नेहमी एकमेकांना चिकटलेली. चोराची तंबाखू झाली. तो लपून बसला होता ना, म्हणून ती गालाच्या कोपऱ्यात ठेवायची.

"तेव्हापासून," मामा म्हणाला, "राजाच्या घरीही पहिली सुपारी आणि भिकाऱ्याच्या घरीही पहिली सुपारी. पुढे जेवण असेल, नसेल. सुपारी दिली की घराची लाज राहिली. माणूस मेलं तरी आम्ही म्हणतो, तो आता देवाच्या घरी सुपारी खात बसलाय."

चुलीत लाकूड तडतडलं. काकू मुलीला म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्याकडे गूळ-पाणी असतं. सासूबाई एका बरणीत गुळाचा खडा ठेवायच्या. घरात साखर नाही, मुलं रडताहेत, तरी त्या खड्याला हात नाही. तो पाहुण्याचा."

ती बरणी तात्यांना लख्ख दिसली. ते सात-आठ वर्षांचे असतील. आषाढातला पाऊस, घरात तांदूळ संपलेले, आणि दारात मुंबईचा सुपारीचा व्यापारी, भिजलेला. आईनं तांब्याभर पाणी आणि तो खडा त्याच्यापुढे ठेवला. व्यापाऱ्यानं खडा मोडला. अर्धा स्वतः खाल्ला, सावकाश, चवीनं. अर्धा दाराआडून बघणाऱ्या पोराच्या हातावर ठेवला. तांब्या तोंडाला लावून रिकामा केला आणि म्हणाला, "वहिनी, पोट भरलं. आता जेवणाचा घाट घालू नका." तो गेल्यावर आई कितीतरी वर्षं त्याचं नाव काढायची. सुपारीचा भाव त्यानं कमी दिला होता की जास्त, ते तिनं कधी सांगितलं नाही.

तात्या उठले. खिडकीच्या फळीवरचं पान त्यांनी उचललं. पानाच्या कडा सुकून वळल्या होत्या. ते तोंडाजवळ नेणार एवढ्यात आजी ओरडली.

मैत्रीण हसून म्हणाली, "काका, ते नको. शिळं झालं. आजी म्हणते, पाहुण्याला शिळी सुपारी देतात का? बसा."

आजीनं ताटली ओढली. सुपारी सोलली, तुकडे केले, पान फाडलं, चुना लावला. हात पुढे केला. तात्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून घेतलं आणि तोंडात टाकलं.

आधी तुरट रस आला, मग वास नाकात चढला. मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम फुटला, छाती भरून आली, चूल जरा डावीकडे सरकल्यासारखी दिसली. जन्मभर सुपारीत वाढलेला माणूस भिंतीला टेकून बसला. काकू घाबरल्या. पण आजी, मामा, मैत्रीण सगळी हसत होती, आणि त्या हसण्यात काळजी नव्हती. आजीनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "पहिल्यांदा होतं असं," मामा म्हणाला. "हळू चावा. थंडीत पायऱ्या चढायच्या असल्या की आम्हाला हीच ऊब लागते."

तात्यांनी शेवटच्या चोथ्यापर्यंत ती चावली.

मग आजीनं चंचीकडे बोट केलं. तिला त्यांची सुपारी हवी होती. तात्यांनी अडकित्ता काढला. या वेळी काही सांगितलं नाही, फक्त कातरत राहिले. आजीनं पातळ कात्रण जिभेवर ठेवलं, चघळलं. तिला ते फिकं लागलं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण तिनं ते संपवलं, आणखी एक मागून घेतलं आणि उरलेलं कापडाच्या टोकात बांधून ठेवलं.

सकाळी तात्या मामासोबत बागेत गेले. सुपारी सालासकट पाण्यात कशी ठेवतात, कशानं ती महिनोन् महिने ओली राहते, नागवेल कोणत्या झाडावर जोमानं चढते, चुना कुठून येतो, हे सगळं विचारत राहिले. चुना याच डोंगरांतल्या दगडाचा, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांच्या लहानपणी चुना समुद्राच्या शिंपल्यांचा असे. मामाही विचारत होता, वादळात पोफळी पडतात म्हणजे कशा पडतात? त्यानं समुद्र पाहिला नव्हता. दोघांना एकमेकांचं हिंदी अर्धंच कळत होतं. तरी दुपारपर्यंत त्यांचं बोलणं सरलं नाही.

निघताना आजीनं काकूंच्या ओंजळीत पुन्हा पान-सुपारी ठेवली आणि "खुब्लेई" म्हणाली. काकू सुपारी खात नसत. त्यांनी ती कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीला बांधली. आजीला तेही पुरलं.

त्या घरात एका दिवसात दोन नकार झाले होते. एक माळेसाठी होता, आणि तो आजीनं मान देऊन घेतला, त्यासाठी नवा भात लावला. दुसऱ्यात नेम नव्हता, फक्त आपल्या जाणतेपणाचा ताठा होता. तोच तिच्या बोटांत अडकून राहिला. परमुलखात गेलेल्या माणसानं समोर येईल ते सगळं खाल्लंच पाहिजे असं नाही. पण ज्या घरात आपण बसलो आहोत, ते घर आपल्याला काहीतरी देऊन मोठं होऊ पाहत असतं. त्याला तेवढं मोठं होऊ द्यावं. यजमानाला देण्याचे कष्ट असतात, तसे पाहुण्याला घेण्याचे असतात, आणि ते फारसं कुणी शिकवत नाही.

पुढच्या वर्षी ती खासी मैत्रीण कामासाठी मुंबईला यायची होती. तिथून ती दोन दिवस श्रीवर्धनला येईल, असं मुलीनं दिवाळीतच कळवलं. तात्यांनी लगेच मुलीला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "ती काय खात नाही?" मुलगी म्हणाली, दुधाचं तिला फारसं चालत नाही. तात्यांनी काकूंना सांगून ठेवलं, चहात दूध घालायच्या आधी विचारायचं, खीर करायची नाही.

वादळातून काही पोफळी उभ्या राहिल्या होत्या. सुपारी पिकली तशी तात्यांनी त्यातली थोडी सालासकट एका मडक्यात घातली, वर पाणी ओतलं आणि मडकं पडवीत कोपऱ्यात ठेवलं. रोज ते झाकण काढून बघत, पाणी बदलत. होता होता वास सुटला. आधी पडवीत, मग माजघरात. शेजारचे विचारू लागले. सून नाकाला पदर लावून म्हणाली, "मामंजी, हे मडकं परसात ठेवलं तर?"

"मांजर सांडेल," तात्या म्हणाले. "राहू दे इथेच. आणि त्या दिवशी नाक धरू नका कोणी. तिच्या घरी हीच पहिली देतात."